मी न दिलेलं उत्तर

१

फिलोमिना लोपीस बसमधून उतरली, हाय स्ट्रीटवरच्या बाकावर टेकली आणि तिला पुन्हा उठता येईना. डाव्या बुटात रक्त साचलं होतं आणि ते तिला जाणवलंसुद्धा नव्हतं. हॉस्पिटलात कळलं की रक्तातली साखर कित्येक महिने वाढलेली होती. पायाचं एक बोट काढावं लागलं. वय अठ्ठावन्न, अंगाने सडपातळ. आपल्याला मधुमेह असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

यात कुणाचा गुन्हा असेल असं मला वाटलं नव्हतं. तो गुन्हा ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी आमच्या दाराशी आला, आसावरीच्या हातातल्या पाकिटातून.

आसावरी नागपूरची. बर्मिंगहॅमला आमच्या हॉल ग्रीनमध्ये मेरिडेल कंपनीची फार्मसी आहे, तिथे ती चार वर्षं फार्मासिस्ट आहे. रविवारी ती आमच्याकडे पोहे खायला येते आणि माझ्या बायकोशी, श्यामलाशी, वाद घालते. श्यामला इथल्या हॉस्पिटलांत पस्तीस वर्षं डॉक्टर होती, त्यामुळे तिला वाद लागतोच. मी त्यांतल्याच एका हॉस्पिटलच्या लायब्ररीत कॅटलॉगची कार्डं लावण्यात आयुष्य काढलं. मी वाद घालत नाही, चहा करतो.

त्या दिवशी आसावरीने पोह्यांना हात लावला नाही. पाकिटातलं पत्र श्यामलाने मोठ्याने वाचलं. ईस्टरनंतर फार्मसीने चाळिशीपुढच्या लोकांसाठी मोफत तपासणी सुरू केली होती. रक्तदाब, वजन, उंची आणि काही प्रश्न. त्यातला एक प्रश्न एथनिसिटीचा, म्हणजे मूळ वंशाचा. लोपीसबाईंच्या त्या रकान्यात ‘व्हाइट, अदर’ असं लिहिलेलं सापडलं, आणि नोंद आसावरीच्या कंप्युटरच्या कार्डावरून झालेली होती. तिने लोकांना न विचारताच रकाने भरले आणि त्यामुळे एका पेशंटला इजा झाली, असं कंपनीचं म्हणणं. गुरुवारी मिल्टन कीन्सच्या हेड ऑफिसात सुनावणी होती.

एका रकान्यामुळे पायाचं बोट कसं जाईल, असं मी विचारलं.

“अहो, आपल्या लोकांना कमी वजनातच डायबिटीस गाठतो,” श्यामला म्हणाली. “गोऱ्या माणसाला ज्या वजनात सोडून देता येतं, त्याच वजनात आपलं रक्त तपासायला हवं. म्हणून विचारतात ते. हौस म्हणून नाही.”

पुढचं आसावरीने सांगितलं. रकान्यात इंडियन वगैरे असेल तर महिनाअखेरीला कंप्युटर त्या माणसाला रक्ततपासणीचं पत्र पाठवतो. रकाना मोकळा असेल तरी सावधगिरी म्हणून पाठवतो. ‘व्हाइट’ असेल तर तेवढ्या वजनाला पाठवत नाही. लोपीसबाईंना पत्र गेलंच नव्हतं.

“काका, मी त्यांच्याशी दहा मिनिटं मराठीत बोलले. वसईच्या सुकेळ्यांवर. मी त्यांना व्हाइट कशाला लिहीन?”

नोकरी गेली तर व्हिसा टिकवायला तिला साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागणार होता, नाहीतर परतीचं विमान. आणि निष्काळजी ठरलेल्या फार्मासिस्टला कोण घेणार?

“मग लिहिलं कोणी?” श्यामलाने विचारलं.

“तेच तर,” आसावरी म्हणाली. “कंप्युटर म्हणतो, मी.”

२

ती गेल्यावर श्यामला माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला ओळखीची आहे. मी म्हणालो, मला अनोळखी माणसाला वेळ विचारायचीही भीती वाटते, मी काय शोधणार?

“एकतीस वर्षं तुम्ही चुकीच्या फळीवर गेलेली पुस्तकं शोधलीत,” ती म्हणाली. “ही चुकीच्या फळीवर गेलेली बाई आहे. उठा.”

सोमवारी सकाळी मी फिलोमिना लोपीसच्या दाराशी उभा राहिलो. बेल वाजवण्याआधी दोनदा परत फिरलो होतो. तिने काठी टेकत दार उघडलं आणि माझं मराठी ऐकताच मला आत ओढलं. ती इथे वीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. नवरा गेला, मुलगी ईरा कॉव्हेंट्रीला असते.

आसावरीने तो प्रश्न विचारला होता का, असं मी विचारलं. हो, विचारला होता. आणि तिने उत्तर दिलं नव्हतं.

का, ते तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवत सांगितलं. इथे आल्यावर पहिल्याच फॉर्मवर तिने ‘इंडियन’ लिहिलं, तेव्हा खिडकीमागच्या बाईने तिचं आडनाव वाचून फॉर्म परत दिला. म्हणाली, नीट भर, खोटं कशाला लिहितेस? तेव्हापासून ती सगळीकडे एकच सांगते. लिहू नका.

“मग आसावरीने काय लिहिलं?”

“तेच लिहिलं की. ‘नॉट स्टेटेड’. मशीनमधून चिठ्ठी काढून मला दाखवलीन. म्हणाली, आंटी, तुमची मर्जी. तुम्हाला पत्र मात्र येईल, तेवढं रक्त तपासून घ्या.” तिने काठी बाजूला ठेवली. “मी वाट बघत होते त्या पत्राची. नाही आलं, तेव्हा म्हटलं, बरी असेन मी.”

म्हणजे आसावरीने रकाना मोकळा ठेवला होता आणि नंतर कोणीतरी तो भरला होता. ही चिठ्ठी दाखवली की प्रकरण संपलं. मी घाईने विचारलं, कुठे आहे ती?

फिलोमिनाने खुंटीवरचं कार्डिगन काढलं आणि खिशातून कागदाची एक घट्ट, पांढरी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. कार्डिगन तीनदा धुतलं गेलं होतं.

३

दुपारी मी फार्मसीत गेलो. आसावरीला सुनावणीपर्यंत घरी बसवलं होतं. काउंटरवर नीना होती. नीना मूळ नैरोबीची गुजराती, बावीस वर्षं त्याच काउंटरमागे उभी. मी काही घ्यायला न येता नुसताच घुटमळतोय हे तिच्या लगेच लक्षात आलं. “शशिधरभाई, खोकल्याचं औषध हवंय की गॉसिप?” असं तिने विचारलं आणि मला स्टूल दिलं.

तिच्याकडून मला दोन गोष्टी कळल्या. कंप्युटर चालायला प्रत्येकाचं कार्ड यंत्रात लागतं, पण कार्ड काढलं की पुन्हा सुरू करायला पाच मिनिटं जातात, म्हणून जेवायला जाताना कोणीच ते काढत नाही. आणि आसावरी दुपारी एक ते दोन आपला डबा घेऊन गाडीत बसते, कारण मागच्या खोलीत फोडणीचा वास राहतो म्हणून एकदा कोणीतरी कुरकुर केली होती. म्हणजे रोज तासभर तिचं कार्ड एकटं असायचं, आणि ती कुठे होती हे सांगायला गाडीशिवाय कोणी नव्हतं.

मॅनेजर कॉलिन अकरा वर्षं तिथे आहे. लाजाळू माणूस, आम्ही दोघे समोरासमोर आलो की आधी कोण बोलणार हा प्रश्नच असतो. त्याने सांगितलं की हेड ऑफिसचा नियम होता. मेअखेर एथनिसिटीचे पंचाण्णव टक्के रकाने भरलेले नसतील तर त्या शाखेतली तपासणी बंद. मेच्या मध्याला त्यांचे सत्तर टक्के होते. आठवडाभरात अठ्ठ्याण्णव झाले. आसावरीने लोकांना फोन करकरून विचारलं असणार असं समजून कॉलिनने तिच्यासाठी केक आणला.

नंतर मी आसावरीला केकबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्याच आठवड्यात तिचा वाढदिवस होता. तिला वाटलं केक त्याचा.

मागच्या खोलीत आणखी कोण जातं? कॉलिन म्हणाला, दर बुधवारी मिल्टन कीन्सहून एका गाडीतून दोघे येतात. आसपासच्या सगळ्या शाखा बघणारा वीर, आणि कंप्युटर बघणारा अनुप.

दोघेही माझ्या माहितीतले. वीर लंडनच्या सुखवस्तू स्टॅनमोर भागात वाढला. त्याची आई शैला श्यामलाची जुनी मैत्रीण, मराठी मंडळाची अध्यक्ष. एके काळी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्टॅनमोरच्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायचो, त्यात वीर पहिल्या बाकावर असे. अनुप सहा वर्षांपूर्वी आला. त्याची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली होती. नालासोपाऱ्याच्या घराबद्दल तो तासभर बोलला होता.

मी अनुपला फोन केला. पेशंटची नावं सांगता येणार नाहीत, असं त्याने आधीच बजावलं. पण सॉफ्टवेअर आपणहून रकाने भरत नाही, हे त्याने सांगितलं. आसावरीच्या सुनावणीच्या कागदांत जे होतं तेही सांगितलं. चौदा मे, बुधवार, दुपारी एक ते दोन, एकसष्ट नोंदी, मिनिटाला एक. कोणीतरी बसून हाताने भरल्या होत्या.

त्या वेळी तू कुठे होतास, असं मी विचारलं.

“पुढे. प्रिंटर उघडून बसलो होतो.” आणि लगेच, “काका, तुम्ही माझ्यावर संशय घेताय का?”

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. चार माणसं होती, एक कार्ड होतं, आणि माझ्या हातात कागदाची एक गोळी.

४

मंगळवारी सकाळी मी पुस्तक उघडलं. खूण म्हणून घातलेला कागद मांडीवर पडला. मी तो परत घालणार होतो, तेवढ्यात त्यावर माझं नाव दिसलं.

ती माझ्याच तपासणीची चिठ्ठी होती. मेच्या पहिल्या आठवड्यात श्यामलाने मला जबरदस्तीने पाठवलं होतं. चिठ्ठीवर रक्तदाब, वजन, उंची. एथनिसिटी: ‘नॉट स्टेटेड’.

मीसुद्धा सांगितलं नव्हतं. या देशात आल्यावर पहिल्या वर्षी एका दवाखान्यात हाच प्रश्न कारकुनाने मला भरल्या खोलीत ओरडून विचारला. मी उत्तर दिलं, ते ऐकून कोणीतरी हसलं. एवढंच झालं होतं. पण त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं मी तो रकाना कधी भरला नाही. आसावरीने विचारलं तेव्हाही नकाराची मान हलवली होती.

आता मी धावत जिना चढलो आणि टेबलावरून कंपनीचं पत्र काढलं. लोपीसबाईंच्या प्रकरणानंतर कंपनीने तपासणी झालेल्या सगळ्यांना पत्रं पाठवली होती. आमच्याकडे तुमची माहिती अशी आहे, चूक असल्यास कळवा. माझं पत्र मी वाचून बाजूला ठेवलं होतं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, एथनिसिटी ‘इंडियन’, बरोबर. कळवण्यासारखं काही नाही.

बरोबर उत्तर पाहून मी गप्प बसलो होतो. ते उत्तर मी दिलंच नव्हतं, हे मला तीन आठवडे सुचलं नाही.

मंगळवारी हॉल ग्रीनच्या लायब्ररीत आमचा वाचकांचा गट जमतो. त्या दिवशी मी पुस्तकावर बोललो नाही. मी विचारलं, फार्मसीचं पत्र कोणाकोणाला आलंय, आणि तपासणीत हा रकाना कोणी मोकळा ठेवला होता? तिघांनी हात वर केले. घरी जाऊन तिघांनीही आपापलं पत्र आणून दाखवलं.

विन्स्टन कॅम्पबेल जमैकाचा, बस ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. कॉलिनबरोबर दर उन्हाळ्यात एजबॅस्टनला क्रिकेट बघायला जातो. त्याच्या पत्रात ‘व्हाइट, ब्रिटिश’. तो इतका हसला की खुर्ची करकरली. मग हसता हसता थांबला आणि म्हणाला, माझा भाऊ रक्तदाबाने गेला, यात हसण्यासारखं काही नाही.

ब्रिजेट नायर आयर्लंडची, कॉर्कची. नवरा केरळचा होता. तिच्या पत्रात ‘इंडियन’.

रशीदा पारकर रत्नागिरीकडची. तिच्या पत्रातही ‘इंडियन’. तिचं बरोबर होतं.

घरी येऊन मी जुन्या कॅटलॉगची कोरी कार्डं काढली आणि एकेकाचं एकेक कार्ड केलं. कॅम्पबेल, नायर, लोपीस, पारकर, मी. टेबलावर मांडून बराच वेळ पाहत बसलो. चुकलेल्या नोंदी मला समजत होत्या. रशीदाची बरोबर नोंद समजत नव्हती.

मग समजली. मी ते कार्ड उलटं करून ठेवलं.

५

बुधवारी सकाळी शैलाचा स्टॅनमोरहून फोन आला. भावजी, तब्येत कशी आहे, असं तिने मला विचारलं, आणि मग मंडळात कुजबुज आहे म्हणून सांगितलं. शशिधरभावजी लोकांची पत्रं गोळा करत फिरताहेत म्हणे.

“उद्या त्यात आपल्यातलाच कोणी निघाला तर?” ती म्हणाली. “करिअर संपेल एखाद्याचं. आसावरी काय, हुशार आहे, दुसरीकडे लागेल. तुम्ही कशाला पडता यात? तुमचा स्वभाव नाही तो.”

माझा स्वभाव नाही, हे खरंच होतं. मी फोन ठेवला आणि श्यामलाला म्हणालो, मी उद्या येत नाही. माझा तर्क चुकीचा असेल. मी पोलीस नाही, वकील नाही. पाच कार्डांवरून एखाद्याचं आयुष्य मोडायचा मला काय अधिकार?

श्यामला भाजी चिरत होती. तिने सुरी ठेवली नाही.

“आपल्यातलाच म्हणे. आसावरी आपल्यातली नाही? फिलोमिना नाही? की आपल्यातलं व्हायला आधी स्टॅनमोरला घर घ्यावं लागतं?”

मी म्हणालो, तुला माहीत नाही तो कोण आहे.

“मला नाही माहीत. तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही जायचं.”

मी खोलीत जाऊन रशीदाचं कार्ड सुलटं केलं.

६

मिल्टन कीन्सला श्यामलाने गाडी चालवली आणि प्रत्येक राउंडअबाउटला वेगळी शिवी दिली. रिसेप्शनवर मला आत सोडेनात. सुनावणीत बाहेरच्या माणसाला जागा नसते म्हणे. मी आयुष्यात पहिल्यांदा काउंटरवर हात टेकून उभा राहिलो आणि म्हणालो की मी बाहेरचा नाही, पेशंट आहे. तुमच्या कंपनीने माझी खोटी नोंद ठेवलीय आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय मी जाणार नाही.

आवाज कापत होता, पण तो माझाच होता.

वीस मिनिटांनी मला आत बोलावलं. लांब टेबलाशी मिसेस ब्रॅडली नावाच्या अधिकारी बाई होत्या. एका बाजूला आसावरी एकटी. दुसऱ्या बाजूला कंपनीची तक्रार मांडणारा वीर, आणि नोंदींचे कागद घेऊन अनुप. वीर उठून म्हणाला, “काका, तुम्ही?” मिसेस ब्रॅडलींनी माझं पत्र वाचलं.

“यात चूक काय आहे? तुम्ही इंडियन नाही का?”

“आहे,” मी म्हणालो. “पण ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही.”

मी चिठ्ठी पत्राशेजारी ठेवली. तारीख, वेळ, ‘नॉट स्टेटेड’. आसावरीने जे लिहिलं ते त्यावर छापलेलं होतं. नंतर जे झालं ते पत्रात होतं.

मिसेस ब्रॅडली म्हणाल्या, यावरून नोंद बदलली गेली एवढंच कळतं. कार्ड तर हिचंच आहे, हिनेच नंतर बदलली नसेल कशावरून?

मग मी कार्डं काढली. मला भाषण येत नाही, म्हणून मी पुस्तक फळीवर ठेवावं तसं एकेक कार्ड टेबलावर ठेवत गेलो.

कॅम्पबेलला ‘व्हाइट’ लिहिणाऱ्याने आणि ब्रिजेटला ‘इंडियन’ लिहिणाऱ्याने माणसं पाहिली नव्हती, फक्त नावं पाहिली होती. आसावरीने कॅम्पबेलचा दंड धरून रक्तदाब मोजला आहे. नीना त्याला दर महिन्याला गोळ्या देते. कॉलिन त्याच्याबरोबर क्रिकेट बघतो. म्हणजे हे काम काउंटरमागे रोज उभं राहणाऱ्या कोणाचंच नाही. बुधवारी येऊन मागच्या खोलीत बसणाऱ्याचं आहे. असे दोघे होते आणि दोघे माझ्यासमोर बसले होते.

अनुपने खुर्ची मागे सरकवली.

मी रशीदाचं कार्ड ठेवलं. रशीदा पारकर. नावावरून अंदाज करणारा इथला कोणीही ‘पाकिस्तानी’ लिहून मोकळा झाला असता. याने आडनाव पाहिलं. शेवटी ‘कर’ आलं की मागे आपलं गाव असतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे मराठी घरातला माणूस. इथपर्यंत दोघेही बसत होते.

शेवटचं कार्ड फिलोमिनाचं. अनुप नालासोपाऱ्याचा आहे, मी म्हणालो. वसई पुढचंच स्टेशन. त्याच्या वर्गात निम्मे लोपीस, डाबरे आणि तुस्कानो असणार. तो मेला तरी लोपीस आडनावाला ‘व्हाइट’ लिहिणार नाही.

“चार लोपीस होते,” अनुप हळूच म्हणाला. “एक माझा बेस्ट फ्रेंड.”

मी वीरकडे पाहिलं नाही. कार्डांकडे पाहत बोललो. उन्हाळ्यात एका वर्गात मी मुलांशी एक खेळ खेळायचो. मी आडनाव सांगायचो, मुलांनी गाव ओळखायचं. पेणकर, पेण. खेडकर, खेड. सगळ्यांत आधी हात वर करणारा एक मुलगा होता. माझ्या त्या यादीत लोपीस नव्हते, डाबरे नव्हते. मला ते सुचलेच नाहीत. त्या मुलाला जेवढं मी शिकवलं तेवढंच येत होतं.

मग वीर मराठीत बोलला, जणू मिसेस ब्रॅडली तिथे नव्हत्याच.

“काका, ब्लँक राहिला असता तर सर्व्हिस बंद झाला असता. त्या ब्रँचला गरज आहे. मी सेव्ह करत होतो. आय थॉट, नावावरून कळतं ना.”

“मोकळ्या रकान्याने तिला पत्र पाठवलं असतं, वीर. मोकळा रकाना खरं बोलत होता. तू त्याला खोटं बोलायला लावलंस.”

त्याने फिलोमिनाचं कार्ड हातात घेतलं.

“ते अज्ञान होतं. ते माझंही आहे, मी अर्धं घेतो,” मी म्हणालो. “पण आसावरीचं नाव पुढे आलं तेव्हा तुला सगळं कळलं होतं, आणि तक्रार तू स्वतः लिहिलीस. त्यातलं मी काही घेणार नाही.”

त्याने डोकं खाली घातलं. मग मिसेस ब्रॅडलींकडे वळून इंग्रजीत, अगदी स्वच्छ शब्दांत, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की बरोबर ठरल्यावर बरं वाटेल. तसं वाटलं नाही. पण खाली मान घालून बसलेला तो एकटाच होता. आसावरी ताठ बसली होती.

७

कंपनीने तक्रार मागे घेतली आणि ‘गैरसमज झाला’ असं पत्र आसावरीच्या हातात ठेवलं. तिने ते परत केलं. गैरसमज झाला नाही, खोटी नोंद झाली, तसं लिहा, म्हणाली. आणि त्या एकसष्ट माणसांना पुन्हा विचारा, समोर बसवून, कशासाठी विचारतो ते सांगून. ज्यांना सांगायचं नसेल त्यांचा रकाना मोकळा राहील, आणि त्यासाठी शाखा बंद होणार नाही, हेही लिहा. दोन आठवडे लागले. तिने सगळं लिहून घेतलं.

शैलाने फोन करणं बंद केलंय. दिवाळीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. श्यामला म्हणाली, बरं झालं, दर वर्षी त्यांचा चिवडा मऊच असतो. मला मात्र त्या पहिल्या बाकावरच्या मुलाची आठवण येते. मी त्याला पत्र लिहायला घेतलंय. अजून पुरं झालेलं नाही.

गेल्या शनिवारी फार्मसीत ती पुन्हा विचारणा सुरू झाली. भरपूर गर्दी होती. आसावरीने मागच्या खोलीत न जाता काउंटरशेजारीच खुर्च्या मांडल्या होत्या. कोणाला आत जायचं असेल तर तशीही सोय होती. फिलोमिना काठी टेकत माझ्या पुढे होती. तिला कारण समजावल्यावर तिने आपलं उत्तर दिलं आणि वर वसईचं नाव सांगितलं, रकाना असो वा नसो. मग माझी पाळी आली. माझ्या मागे विन्स्टन कॅम्पबेल, त्याच्या मागे ब्रिजेट, त्यामागे मला माहीत नसलेले दहाबारा जण.

“काका, तुम्हाला सांगायचं नसेल तर तुमची मर्जी,” आसावरी हळू आवाजात म्हणाली. “मोकळा ठेवते. आत जायचंय का?”

“नको. इथेच विचार. मोठ्याने विचार.”

तिने विचारलं. मी उत्तर दिलं. दुकानभर ऐकू गेलं, कारण गोळ्या मोजणाऱ्या नीनाचा हात थांबला. कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तरी मी तेच उत्तर दिलं असतं.

यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. मी ती घेतली, चष्मा पुसला, आणि रांग तशीच थांबवून तिथेच उभ्याउभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.